वाराचे जेवण

कोल्हापूरच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या कडेला, गांधीनगर नावाची कापडाची घाऊक पेठ आहे. लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटले की सांगलीकडची आणि निपाणी-चिकोडीकडची माणसे टेम्पो करून तेथे येतात, दिवसभर गठ्ठे उलगडून पाहतात, सिंधी दुकानदाराशी मराठीत घासाघीस करतात आणि दिवेलागणीला शालू-शेले बांधून परततात. परंतु ज्या जमिनीवर आपण दिवसभर उभे होतो तेथे एके काळी सुमारे पाच हजार पोलिश माणसांचे अख्खे गाव नांदत होते, ही गोष्ट त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. वळिवड्याची छावणी ती हीच. १९३९ साली सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापल्यावर तेथील लक्षावधी रहिवाशांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. पुढे १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टालिनने लंडनमधील परागंदा पोलिश सरकारशी तह केला आणि या बंदिवानांची सुटका झाली. १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून ते इराणात उतरले, आणि त्यांतील काही हिंदुस्थानच्या वाट्याला आले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोरक्या पोलिश मुलांना आश्रय दिला तो याच वर्षी, आणि पुढल्या वर्षी पंचगंगेच्या आसमंतात कौलारू बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या. सशक्त पुरुष फौजेत गेलेले असल्यामुळे या बराकींत मुख्यत्वे स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. त्यांनी तेथे शाळा काढल्या, प्रार्थनामंदिर थाटले, नाटके बसविली, आणि पाच वर्षे कोल्हापूरच्या उन्हाळ्याशी जुळवून घेतले.

हा आश्रय कोल्हापूरने दिला असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि त्यात खोटे काही नाही. तरी इतिहासाची रुजवात घालू गेल्यास असे आढळते की जागा कोल्हापूरची, हुकूम ब्रिटिश सरकारचा, आणि खर्चाचे खाते लंडनमधील पोलिश सरकारच्या नावावरचे, अशी ती त्रिस्थळी यात्रा होती. करवीरच्या गादीवर तेव्हा अज्ञान छत्रपती होते. जागतिक राजकारणाचा एक फासा उलटला की अशा आश्रयाचे काय होते, ते वळिवड्याने लवकरच पाहिले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सातील नव्या सरकारला दिली, आणि एका दिवसात पंचगंगेकाठची ही माणसे एका अशा सरकारची प्रजा झाली की जे त्यांना नको होते. त्यांच्यातील बहुतेकांची घरे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. परत जायला गाव नाही आणि राहायला मुदत नाही, अशा अवस्थेत ती माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशी वाट फुटेल तिकडे पांगली, आणि १९४८ साली छावणी रिकामी झाली.

परंतु रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडलेली हिंदू कुटुंबे तेथे आणून वसविण्यात आली, आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे जसे उल्हासनगर झाले तसे वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले. त्याच भिंती, तेच छप्पर. आधीचे लोक परकीय असून पाहुणे, नंतरचे स्वकीय असून निर्वासित. त्या स्वकीयांना मात्र मताचा हक्क, मालकीची सनद आणि व्यापाराची मुभा मिळाली, म्हणून एका पिढीत निर्वासित हा शब्द गळून पडला आणि शेठ हा शब्द त्याच्या जागी आला. पुढील पंचवीस वर्षांत शेजारी देशांतून जे भारताच्या दाराशी आले, त्यांच्या नशिबी असा पालट क्वचितच होता.

मराठी वाचकाला ही स्थिती समजावून देण्यास आपल्याकडचीच एक जुनी चाल पुरेशी आहे. मागच्या पिढ्यांत शिक्षणासाठी शहरात आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सात दिवसांना सात घरे. यजमान बहुधा सज्जन असत, यजमानीण पानात तुपाची धार जास्तच धरी, सणावारी गोडधोडही मिळे. पण ते जेवण हा त्या मुलाचा हक्क नव्हता. घरात पाहुणे आले, सुतक लागले, किंवा यजमानांच्या मनात काही आले, की पुढच्या सोमवारपासून येऊ नकोस असे सांगण्यास कारण द्यावे लागत नसे. आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो: वार मागणाऱ्याची जात पाहूनच बहुधा दार उघडले जाई, भूक सर्वांना सारखी असली तरी पान सर्वांसाठी मांडलेले नसे. भाऊबंद वाटा मागतो, विद्यार्थी वार मागतो, आणि या दोहोंतील अंतर तूप वाढल्याने कमी होत नाही. स्वतंत्र भारताने शेजारच्या आपद्ग्रस्तांना जे दिले ते वाराचे जेवण होते, आणि ते पुष्कळदा शेजारीपाजारी कोणीच दिले नसते इतके सढळ होते, हे दोन्ही एकदमच खरे आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता भारतात शरणार्थी नावाची व्यक्तीच अस्तित्वात नव्हती. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा इंग्रजांनी जाता जाता करून ठेवला होता. त्याच्या लेखी पर्यटक, हेर, व्यापारी आणि प्राणभयाने पळून आलेली बाई हे सगळे एकाच सदरातले परकीय, आणि त्यांना हद्दीबाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ निरंकुश. १९५१ साली जिनिव्हात निर्वासितांविषयीचा करार झाला त्यावर भारताने सही केली नाही, आणि त्याची व्याप्ती वाढविणाऱ्या १९६७ च्या पुरवणी करारावरही केली नाही. करार युरोपच्या युद्धोत्तर गरजेतून जन्मलेला होता आणि त्यात शीतयुद्धाचा वास होता, ही तक्रार रास्तच होती; तथापि दिल्लीच्या मनातील खरे कारण असे दिसते की ज्याच्या सरहद्दी नकाशावर रेघ आणि जमिनीवर भातखाचर आहेत, अशा राष्ट्राला आपल्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावयाची नव्हती. म्हणून कायद्याच्या जागी शिरस्ता आला. प्रत्येक समूहासाठी निराळे परिपत्रक, निराळा दाखला, निराळी मुदत.

या शिरस्त्याची पहिली मोठी कसोटी तिबेटने पाहिली. एप्रिल १९५४ च्या ज्या करारात पंचशील तत्त्वे प्रथम लिहिली गेली तो मुळात तिबेटशी व्यापाराचा करार होता, आणि त्यात भारताने तिबेटचा उल्लेख चीनचा प्रदेश असाच केला होता. पाच वर्षांनी, १७ मार्च १९५९ च्या रात्री, दलाई लामा ल्हासा सोडून निघाले, आणि महिनाअखेर तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत शिरले. नेहरूंनी आश्रयास आधीच होकार दिलेला होता. एका हाताने लिहिलेला तहनामा आणि दुसऱ्या हाताने उघडलेले दार यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न पुढील सहा वर्षे साउथ ब्लॉकला छळीत राहिला.

तो किती नाजूक होता हे मुंबईत घडलेल्या एका प्रसंगावरून ध्यानात येईल. १९५९ च्याच एप्रिलच्या २० तारखेस काही निदर्शकांनी मुंबईतील चिनी वकिलातीवर मोर्चा नेला, तिच्या भिंतीवर माओंचे चित्र चिकटविले आणि त्यावर टोमॅटो आणि नासकी अंडी फेकली. पेकिंगहून जळजळीत खलिता आला: राष्ट्रप्रमुखाचा हा घोर अपमान आहे, आणि समाधान होईपर्यंत चीन स्वस्थ बसणार नाही. भारताने झाल्या प्रकाराबद्दल खेद कळविला, परंतु येथे मोर्चे काढण्याची मोकळीक कायद्याने आहे, हेही त्याच उत्तरात नमूद केले. चार टोमॅटोंचा जाब राजनैतिक दप्तरात कायमचा चिकटला. मला स्वतःला हे उत्तर नेहरूंच्या परराष्ट्रधोरणातील फारशी न मिरविली गेलेली, पण मिरविण्याजोगी बाब वाटते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मात्र निराळे दृश्य दिसले. तिबेटी जनतेचे मूलभूत मानवी हक्क आणि तिची विशिष्ट संस्कृती व धर्मजीवन यांचा आदर राखावा, असा ठराव मलाया आणि आयर्लंड यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आणला; तो ४५ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला, २६ राष्ट्रे तटस्थ राहिली, आणि त्या तटस्थांत भारत होता. म्हणजे आसामातील मिसामारीच्या आणि बंगालातील बक्सा दुआरच्या छावण्यांत हजारो तिबेट्यांना अन्न, औषध आणि पांघरूण पुरविणारे सरकार न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासाठी हात वर करावयास तयार नव्हते. हा दुटप्पीपणा होता की शहाणपण, यावर मते भिन्न होतील. बोलून चीन बदलणार नव्हता आणि गप्प राहून निदान दार उघडे ठेवता आले, असा युक्तिवाद तेव्हा करता येण्याजोगा होता. परंतु १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा गप्प राहण्याचे मोल कळले, आणि १९६५ मध्ये तिबेटचा ठराव पुन्हा आला तेव्हा भारताने त्याच्या बाजूने मत दिले. हक्क तेच होते, माणसेही तीच होती. शेजाऱ्याशी नाते बदलले होते.

दरम्यान खाली, जमिनीवर, काम शांतपणे चालले होते. म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे जंगल तोडून वसाहतीस जमीन दिली, आणि इतर राज्ये तिच्या मागोमाग आली. आपल्या महाराष्ट्रात पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात, आता गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ नॉरग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. याकच्या दुधावर वाढलेली माणसे झाडीपट्टीच्या भाताच्या मुलखात येऊन शेती करू लागली आणि शेतीवर भागेना तेव्हा हिवाळ्यात शहरोशहरी लोकरीचे कपडे विकू लागली.

पूर्वेकडील कहाणी याहून जुनी आणि अधिक गुंतागुंतीची. एप्रिल १९५० मध्ये नेहरू आणि लियाकत अली यांनी परस्परांच्या देशांतील अल्पसंख्यांच्या हक्कांची हमी देणारा करार केला, आणि तो अपुरा वाटून श्यामाप्रसाद मुखर्जी व क्षितीशचंद्र नियोगी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. हमी कागदावर राहिली, पूर्व पाकिस्तानातून माणसे येत राहिली. बंगालात जागा पुरेना तेव्हा दंडकारण्याची योजना निघाली, आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, मुलचेरा-चामोर्शीकडच्या अरण्यात, बंगाली खेडी उभी राहिली. आजही गडचिरोलीच्या त्या भागात घरामागे पुकूर खणलेला दिसतो आणि त्यात मासे पाळलेले असतात.

आणि मग १९७१. मार्चच्या २५ तारखेच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात जे आरंभिले, त्याचा परिणाम म्हणून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत सुमारे ३५ लक्ष माणसे भारतात आली होती, आणि डिसेंबरपर्यंत हा आकडा ९८ लक्ष ९९ हजारांवर गेला. त्यांतील ७४ लक्षांहून अधिक एकट्या पश्चिम बंगालात होती. पण खरा नवलाचा आकडा त्रिपुराचा आहे. त्या चिमुकल्या प्रदेशाची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लक्षांची, आणि तेथे आलेले पाहुणे १४ लक्ष. सरकारने ८२५ छावण्या उघडल्या. तरीही तीस लक्षांवर माणसे कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या गोठ्यात, नातलगांकडे किंवा नाते नसलेल्यांकडे राहिली. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक भागात गटारकामासाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांत कुटुंबे संसार मांडून बसली होती.

पावसाळ्याबरोबर पटकी आली. बनगावच्या इस्पितळात दिलीप महालनबीस या डॉक्टरांपुढे दोन खोल्या भरून जमिनीवर पसरलेले रुग्ण होते, आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. त्यांनी जे केले ते तोवर मुख्यतः प्रयोगशाळेच्या कक्षेत होते: एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. मिश्रण तोटी लावलेल्या पिंपांतून ठेवले, आणि रुग्णाची आई, बहीण, जी कोणी शेजारी बसली असेल तिच्या हाती पेला दिला. जेथे शंभरांत तीस दगावत होते तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. आज आपल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या त्या मीठ-साखरेच्या पुडीची पहिली मोठी परीक्षा निर्वासितांच्या छावणीत झाली.

खर्चाची तोंडमिळवणी करणे ज्यांच्याकडे होते ते अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा निर्वासित साहाय्य कर बसला, आणि रेल्वेच्या भाड्यावरही अधिभार आला. माझ्या वडिलांच्या कागदांत त्या डिसेंबरातले एक पाकीट आहे. त्यावर नेहमीचे वीस पैशांचे तिकीट आहे आणि शेजारी एक निराळे, पाच पैशांचे. हे निराळे तिकीट मुळात कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे: आईबाप आणि दोन मुले, असे सुखी चौकोनी कुटुंब. त्या चित्रावर काळ्या शाईने निर्वासित साहाय्य असे इंग्रजी शब्द ठोकलेले आहेत. नव्या तिकिटांची छपाई होईपर्यंत तजवीज म्हणून हाताशी असलेली तिकिटे वापरली, इतकाच त्याचा अर्थ. पण छोट्या कुटुंबाचा उपदेश पुसून त्यावर एक कोट माणसांची जबाबदारी उमटविणारा तो छाप मला त्या वर्षाच्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलका वाटतो. हा कर ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला, आणि कोकणातील म्हातारीने मुंबईच्या लेकाला धाडलेल्या पाकिटावरही बनगावच्या छावणीचे पाच पैसे चिकटले.

परराष्ट्रधोरणाच्या दृष्टीने या वर्षी जे घडले ते १९५९ च्या अगदी उलट होते. मे महिन्यातच इंदिरा गांधींनी लोकसभेत मांडले की जी गोष्ट पाकिस्तानची अंतर्गत म्हणून सांगितली जाते, ती आता भारताची अंतर्गत होऊन बसली आहे. दुसऱ्याच्या घरातील अत्याचाराविषयी तटस्थ राहण्याची जी सवय दिल्लीने बाणवली होती, ती या वाक्याने मोडली. ऑगस्टात सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. जयप्रकाश नारायण जगभर हिंडून आले. आणि संयुक्त राष्ट्रांत भारताने असा अभिनव सिद्धान्त मांडला की शेजाऱ्याच्या देशात लक्षावधी माणसे लोटणे हेही एक प्रकारचे आक्रमणच होय. जगाला तो पटला नाही. ७ डिसेंबर १९७१ रोजी आमसभेने शस्त्रसंधीचा आणि सैन्यमाघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत केला, आणि त्या अकरांत भारत, भूतान आणि सोव्हिएत गटातील राष्ट्रे एवढीच होती. त्या गटात पोलंड होता. वळिवड्याच्या बराकींतील माणसांनी ज्या वॉर्सा सरकारकडे परत जाण्याचे नाकारले, त्या सरकारचे मत निर्वासितांचा कैवार घेणाऱ्या भारताच्या पारड्यात पडले, ही इतिहासाची थट्टा मला आवरता येत नाही.

मात्र या औदार्याला पहिल्या दिवसापासून एक अट होती, आणि ती लपविलेली नव्हती: ही माणसे परत जातील. छावणीतील नोंद तात्पुरती, शिधापत्रिका तात्पुरती. युद्ध १६ डिसेंबरला संपले, जानेवारीत परतीची रांग लागली, आणि फेब्रुवारी १९७२ च्या अखेरीस ९० लक्षांहून अधिक माणसे परत गेली होती. निघताना प्रत्येकास दोन आठवड्यांचा शिधा देण्यात आला. इतक्या अल्पकाळात इतकी माणसे आली आणि गेली असे उदाहरण विरळा. त्या यशामुळेच, माझ्या मते, शिरस्त्याच्या जागी कायदा आणण्याचा विचार मागे पडला. ज्या व्यवस्थेने एक कोटींना सांभाळले तिला कायद्याचा टेकू कशाला, असे कोणालाही वाटले असते. २५ मार्च १९७१ ही तारीख मात्र राहिली. १९८५ च्या आसाम करारात ती नागरिक आणि परका यांच्यामधली रेघ झाली, आणि ज्या रात्री ढाक्यात माणसे प्राण घेऊन पळाली त्या रात्रीच्या आधी की नंतर, हा प्रश्न ब्रह्मपुत्रेकाठच्या शेतकऱ्यांना आजतागायत विचारला जातो.

पुढची कहाणी १९५९ आणि १९७१ या दोन नमुन्यांमधील हेलकाव्यांची आहे. १९८३ नंतर श्रीलंकेतून आलेल्या तमिळांना रामेश्वरजवळच्या मंडपम् छावणीत सहानुभूतीने घेतले, आणि १९९१ साली राजीव गांधींची हत्या होताच तीच माणसे संशयित ठरली. १९८८ मध्ये ब्रह्मदेशातून पळून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी दिल्लीने दार उघडले, १९९३ चा नेहरू पुरस्कार आंग सान सू ची यांना जाहीर केला, आणि काही वर्षांत त्यांना कैदेत ठेवणाऱ्या सेनापतींशी हस्तांदोलनही केले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमांना अरुणाचलातून हुसकावण्याची वेळ आली तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचे छत्र त्यांच्यावर धरले. वाराच्या विद्यार्थ्याला निदान पानावरून फरफटत उठविता येणार नाही, इतके तरी ठरले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने तीन शेजारी देशांतील सहा धर्मांच्या लोकांना वाट्याचा मार्ग मोकळा केला आणि इतरांना वगळले. यजमानाने दाराशी येऊन पुन्हा जात विचारली. आणि २०२१ साली ब्रह्मी लष्कराने सत्ता बळकावल्यावर सरहद्द बंद करा असा दिल्लीचा आदेश आला, तेव्हा मिझोरामने तो मानला नाही. पलीकडचे चिन हे आमचे रक्ताचे नातलग आहेत, असे तेथील मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांस लिहून कळविले. त्यांच्या लेखी ते भाऊबंद होते.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला एक स्मृतिस्तंभ आहे. गेल्या हिवाळ्यात तो पाहून परतताना रस्त्याच्या कडेला तिबेट्यांचा स्वेटरांचा बाजार लागलेला दिसला. एका साठीच्या बाईंपाशी नातवासाठी टोपी घेतली. त्या गोठणगावच्या वसाहतीतल्या, जन्म भारतातला. मराठी बेताचे, पण झाडीपट्टीचा हेल पक्का. बोलता बोलता त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतले नोंदणीपत्र दाखविले. कडा झिजलेल्या, पानापानांवर मुदतवाढीचे जांभळे शिक्के, काही पुसट, काही ठसठशीत. आता पुढचा शिक्का कधी, असे मी विचारले. थंडी संपली की गावी गेल्यावर, असे म्हणून त्यांनी ते पिशवीत घातले, पिशवी कमरेच्या कनवटीला खोवली, आणि लाल स्वेटर शंभराने कमी करा म्हणून अडून बसलेल्या गिऱ्हाइकाकडे त्या वळल्या.